आकाशदर्शनासाठी एक वॉटचा हातातील लेसर वापरावा का?

विज्ञानशिक्षक_माण

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि दर हिवाळ्यात साठ-सत्तर मुलांसाठी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन घेतो. ध्रुवतारा, कृत्तिका, मृग, व्याध दाखवण्यासाठी आजवर मी हिरवा पेन लेसर वापरत आलो. परंतु डिसेंबरात मध्यरात्रीनंतर गारठा वाढला की त्याचा किरण इतका मंदावतो की मागच्या रांगेतील मुलांना तो दिसतच नाही. ही अडचण ऐकून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या आपुलकीने मला निळा लेसर मागवून दिला आहे. तो टॉर्चएवढा जाड असून त्यावर ‘४५० नॅनोमीटर, १००० मिलीवॉट, वर्ग ४’ (म्हणजे लेसरच्या धोक्याच्या वर्गवारीतील सर्वांत वरचा वर्ग) असे छापलेले आहे आणि सोबत नारिंगी प्लास्टिकचा एक चष्मा आहे. घराच्या मागील अंगणात मी तो एकदाच लावून पाहिला, तेव्हा तीन-चार हातांवरची आगकाडी क्षणात पेटली आणि त्यानंतर तो पुन्हा हातात घेण्याचे धाडस झालेले नाही. किरण केवळ वर आकाशाकडेच धरला आणि मी स्वतः चष्मा लावला, तर मुलांसमोर हा लेसर वापरणे योग्य ठरेल का?

वांगणीचा_निशाचर

सर, माझे स्पष्ट मत असे आहे की हा लेसर मुलांसमोर काढूच नये. मी गेली अनेक वर्षे वांगणीच्या माळावर आकाशदर्शनात मदत करतो. अंधाऱ्या आकाशाखाली पाच मिलीवॉटचा हिरवा किरण पन्नास-साठ जणांना पुरेसा दिसतो, मात्र त्यासाठी डोळे अंधाराला सरावलेले असावे लागतात. मैदानावरचा दिवा आणि मोबाइलचे पडदे वीसेक मिनिटे बंद ठेवून पाहा. मुलांना विस्तीर्ण अर्धवर्तुळात बसवण्याऐवजी आपल्याभोवती दाटीने बसवले, तर किरणाची दिशाही सर्वांना जवळजवळ सारखीच दिसते. दूर बसलेल्या मुलाला तो भलत्याच ताऱ्याकडे गेल्यासारखा वाटतो आणि हा दोष कितीही मोठा लेसर आणला तरी दूर होत नाही.

प्रकाशिकी_प्रयोगशाळा

मी महाविद्यालयात प्रकाशिकीचे प्रात्यक्षिक घेतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम आपला जुना पेन का मंदावतो, ते पाहू. अशा बहुतेक पेनांमध्ये हिरवा प्रकाश थेट निर्माण होत नाही. आत ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश देणारा डायोड असतो. त्याचा प्रकाश निओडिमियमयुक्त स्फटिक शोषून घेतो आणि १०६४ नॅनोमीटरचा किरण देतो, आणि पुढचा दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण बाहेर सोडतो. थंडीत डायोडची तरंगलांबी सरकते, पहिला स्फटिक तो प्रकाश नीट शोषत नाही आणि सगळी साखळी अडखळते. पेन वापरीपर्यंत स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावा, एवढाच यावर घरगुती उपाय आहे. येथे एक धोका मात्र लक्षात घ्यावा. स्वस्त पेनात अवरक्त अडवणारी गाळणी बसवलेली नसते आणि त्यामुळे हिरवा किरण मंद दिसत असतानाही न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडत राहू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१० मध्ये अशाच एका हिरव्या पेनमधून सुमारे २० मिलीवॉट अवरक्त प्रकाश बाहेर पडत असल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. तेव्हा ‘मंदावला आहे, आता निरुपद्रवी आहे’ असे समजून मुलांच्या हाती तो पेन देऊ नये.

आता निळ्या लेसरविषयी. माणसाचा डोळा उजेडातील दृष्टीच्या मापाने ४५० नॅनोमीटरपेक्षा ५३२ नॅनोमीटरला वीसपटींहून अधिक संवेदनशील असतो. म्हणजे आपला एक वॉटचा निळा ठिपका उजळपणात चाळीस-पन्नास मिलीवॉटच्या हिरव्या ठिपक्याएवढाच भासेल, परंतु दृष्टिपटलावर ओतली जाणारी ऊर्जा मात्र पूर्ण एका वॉटचीच असेल. दिसण्यावरून धोक्याचा अंदाज बांधण्याची आपली सवय येथे फसते.

किरण वरच धरण्याच्या आपल्या अटीचाही विचार करू. एक मिलीरेडियन (दर हजार मीटरला सुमारे एक मीटर) पसरणारा एक वॉटचा दृश्य किरण पापणी मिटण्याच्या पाव सेकंदाच्या हिशोबाने सुमारे २२५ मीटर अंतरापर्यंत डोळ्याला इजा करण्याइतका तीव्र राहतो; पाच मिलीवॉटसाठी हेच अंतर सुमारे १६ मीटर येते. शिवाय साध्या काचेच्या एकाच पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो. एका वॉटचे चार टक्के म्हणजे ४० मिलीवॉट, आणि एवढ्यासाठी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या जीपची काच किंवा एखाद्या मुलाचा चष्मा पुरेसा आहे. अंधारात दगडाला ठेच लागून आपला हात एकदा जरी खाली आला, तर पुढे काय होईल ते आपल्या हातात राहणार नाही. चष्म्याबद्दल सांगायचे, तर तो फार तर आपल्या एकट्याच्या डोळ्यांपुरता आहे, आणि कोणत्या तरंगलांबीला तो किती पट अडवतो हे प्रमाणित करून छापलेले नसेल, तर त्याला रंगीत प्लास्टिक म्हणावे.

दृष्टिपटल_विशेषज्ञ

मधुमेहामुळे दृष्टिपटलावर वाढलेल्या रोगट रक्तवाहिन्यांसाठी आम्ही जो लेसर वापरतो, तो बहुधा याच ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर असतो. शंभर ते तीनशे मिलीवॉट, एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ, एवढ्यात दृष्टिपटलावर हेतुपुरस्सर पांढरट भाजका ठिपका उमटतो, आणि तो पीतबिंदूच्या, म्हणजे सर्वांत स्पष्ट दृष्टी देणाऱ्या भागाच्या, मध्यावर पडू नये यासाठी आम्ही श्वास रोखून काम करतो. आपल्या हातातील वस्तूची शक्ती याच्या कित्येक पट आहे आणि किरणाकडे पाहणारा माणूस नेमका तोच मध्य त्याच्यासमोर धरतो. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे इजा झालेले मूल रडत येत नाही. फळ्यावरचे अक्षर मधेच पुसल्यासारखे दिसते किंवा सरळ रेघ वाकडी दिसते, असे ते काही दिवसांनी सांगते. मृत झालेल्या प्रकाशपेशी परत आणणारे औषध आमच्याकडे नाही. अशी शंका आली, तर थेंब घालून घरी थांबू नये. त्याच दिवशी दृष्टिपटलाची तपासणी आणि ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांची प्रतिमा घेणारी चाचणी) करून घ्यावी.

पंचगंगेकाठचा

२०२३ च्या गणेशोत्सवानंतर राज्यातील अनेक शहरांतून लेसरमुळे दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. माझ्या उजव्या डोळ्याची इजा त्याच्या आधीची आहे. मिरवणुकीत एका वाहनावरचा हिरवा किरण गर्दीवरून फिरत होता आणि तो क्षणभर माझ्या डोळ्यावर आला, एवढेच घडले. आजही त्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला की नाकाच्या जागी राखाडी डाग दिसतो. मी लेथवर काम करीत असे. मायक्रोमीटरवरच्या बारीक खुणा वाचता येईनात, म्हणून ते काम सोडावे लागले. सर, आपण तो लेसर एकदाच लावून थांबलात, याचा मला फार आनंद वाटला.

विज्ञानशिक्षक_माण

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. हा लेसर मुलांसमोर आणायचा नाही, असे ठरवले आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. थंडीत मंद न होणारा, कमी शक्तीचा लेसर मिळतो का? आणि या एक वॉटच्या उपकरणाचे काय करावे? विद्यार्थ्याचे मन दुखवायचे नाही, परंतु शाळेच्या कपाटात ते ठेवण्यास मन तयार होत नाही.

प्रकाशिकी_प्रयोगशाळा

हिरवा प्रकाश थेट देणारे ५१५ ते ५२० नॅनोमीटरचे डायोड आता मिळतात. त्यांत स्फटिकांची साखळी नसते, म्हणून ते थंडीत तसे मंदावत नाहीत आणि अवरक्त गळतीचा प्रश्नही राहत नाही. मात्र छापील आकड्यावर विसंबू नका, कारण बाजारातील पेनांवर ‘पाचपेक्षा कमी’ असे लिहिलेले असतानाही प्रत्यक्ष शक्ती कितीतरी अधिक असू शकते. जवळच्या एखाद्या महाविद्यालयात प्रकाशशक्तिमापक असेल, तर एकदा मोजून घ्या.

निळ्या लेसरमधील सेल आजच काढून ठेवा, त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि तो इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. कचऱ्याच्या ढिगात लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो. उपकरण कोणाला विकू नका आणि भेटही देऊ नका. कुलूपबंद प्रयोगशाळा व प्रमाणित चष्मे असलेले महाविद्यालय ते घेण्यास तयार असेल तर तेथे द्यावे, अन्यथा आतील डायोडच्या तारा कापून ते निकामी करावे. विद्यार्थ्याला मात्र हा सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवा. विज्ञान शिकलेला मुलगा आहे, त्याला तो पटेल.

वांगणीचा_निशाचर

एक राहिले. पाच मिलीवॉटचा लेसर लावण्यापूर्वीही आधी आकाशभर नजर फिरवून विमानाचे लुकलुकते दिवे नाहीत ना, ते पाहावे. डोळ्याला इजा होण्याच्या अंतरापलीकडे, कितीतरी दूरवरही हा प्रकाश वैमानिकाचे डोळे दिपवू शकतो. मुंबईत विमानतळाजवळ असे किरण टाकण्यास पोलीस मनाई आदेश काढतात, ते याच कारणाने. आमच्याकडे लेसर एकाच व्यक्तीकडे असतो, दुसरा एक जण केवळ विमानांवर लक्ष ठेवतो, आणि त्याने ‘विमान’ म्हटले की बोट बटणावरून निघते. आपल्या दहावीच्या मुलांपैकी एकाला हे काम द्या, तो ते मनापासून करील.