आर्सेनलने बालोगुनला विकला ते ठीक, पण अमेरिकेकडून खेळतो म्हणून शिव्या कशाला?

जुना_गनर
परत तेच वाचलं की आपला जुना स्ट्रायकर फोलारिन बालोगुन संधिसाधू आहे, आर्सेनलच्या ॲकॅडमीत शिकला, इंग्लंडच्या ज्युनियर टीम्समधून खेळला आणि सीनियर टीमची वेळ आली तेव्हा सोय बघून अमेरिकेकडे गेला. मला हे अजिबात पटत नाही. २०२२-२३ ला फ्रान्सच्या रँस क्लबमध्ये लोनवर, म्हणजे उसना दिलेला असताना पोराने तिथल्या लीग १ मध्ये २१ गोल मारले. पॅरिसच्या पीएसजी क्लबच्या मैदानावरची ती मॅच आठवा, ९६ वं मिनिट, रँस ०-१ मागे, हा एकटा पुढे घुसला, गोलकीपर डोनारुम्मा अंगावर आला तरी घाई केली नाही, त्याला वळसा घालून बॉल आत ढकलला. एवढं करूनही मार्च २०२३ च्या इंग्लंड टीममध्ये नाव नाही. त्याच महिन्यात स्ट्रायकर हॅरी केनने रूनीचा इंग्लंडसाठीच्या गोलचा रेकॉर्ड मोडला आणि बॅकअप म्हणून आयव्हन टोनीला पदार्पण मिळालं. मग २१ वर्षांच्या मुलाने किती वर्षं वाट बघायची?

मधली_फळी
दादा, गोलबद्दल वादच नाही, पण थोडं मागचंही बघा ना. आई-वडील नायजेरियन, घर लंडनला, आई न्यूयॉर्कला गेलेली असताना याचा जन्म तिकडे झाला आणि तान्हा असतानाच परत लंडनला आणला. म्हणजे अमेरिकेशी नातं काय तर जन्मदाखला. इंग्लंडने अंडर-१७ पासून अंडर-२१ पर्यंत खेळवलं, आणि त्याच मार्चमध्ये दुखापत सांगून अंडर-२१ च्या कॅम्पमधून बाहेर पडला तो थेट ऑर्लँडोत दिसला, तेव्हा अमेरिकेची टीमही तिकडेच होती. इंग्लंडकडे जायचं नव्हतं तर सरळ सांगायचं. मला तरी ते खुपलं.

नियमवाला
दोघांनाही एक सांगतो, फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या दृष्टीने हा वाद शिल्लकच नाही. इंग्लंडच्या सीनियर टीमकडून हा एकही मॅच खेळला नव्हता, अमेरिकेचं नागरिकत्व जन्मापासून होतं, त्यामुळे एकदा देश बदलायचा हक्क होताच, मे २०२३ ला मंजुरी आली. खरा अन्याय मुनीर एल हद्दादी या खेळाडूवर झाला. २०१४ ला स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची दहा-पंधरा मिनिटं उतरला आणि तेवढ्यावर कायमचा अडकला, कारण मॅच फ्रेंडली नव्हती, क्वालिफायर होती. मोरोक्कोकडून खेळू द्या म्हणून क्रीडा लवादापर्यंत गेला तरी २०१८ ला नकारच मिळाला. २०२० ला फिफाने नियम सैल केला, म्हणजे एकविसाव्या वर्षाआधी जास्तीत जास्त तीन सीनियर मॅच खेळला असशील आणि त्यानंतर तीन वर्षं गेली असतील तर बदलता येतं, तेव्हा कुठे २०२१ ला मोरोक्कोचा शर्ट अंगावर आला. ऐन उमेदीची वर्षं गेली त्याची. हे माहीत असलेला कुठलाही पोरगा लवकरच ठरवणार.

मधली_फळी
नियमात बसतं हे मान्य, पण नियमात बसतं म्हणजे मनाला पटतं असं नाही ना. जमाल मुसियालाचं वेगळं, तो जर्मनीत जन्मला, सात वर्षांचा होईपर्यंत तिथेच वाढला, भाषा तीच, त्यामुळे चेल्सीत शिकून आणि इंग्लंडकडून ज्युनियर खेळूनही जर्मनी निवडली तेव्हा कुणाला खटकलं नाही.

जुना_गनर
आणि डेक्लन राईस? आयर्लंडकडून तीन फ्रेंडली मॅच खेळून इंग्लंडकडे आला तेव्हा आपणच नाचलो आणि आज आर्सेनलच्या शर्टात त्याला डोक्यावर घेतो. आपल्याकडे आला की निष्ठा आणि गेला की गद्दारी, असं कसं चालेल राव.

डाव्या_पायाचा
देशाचं सोडा, मला क्लबचं बोलायचंय. ऑगस्ट २०२१, सीझनची पहिलीच मॅच, ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये नवीन आलेली, त्यांचं स्टेडियम नुसतं पेटलेलं आणि आपले नेहमीचे स्ट्रायकर लाकाझेट-ऑबामेयांग आजारी म्हणून या वीस वर्षांच्या पोराला एकट्याला पुढे उभा केला. ०-२ हरलो आणि त्यानंतर त्याच्यावरचा भरवसाच संपला. मिडल्सब्रो क्लबला लोनवर पाठवला, मग रँस, मग ऑगस्ट २०२३ ला लीग १ च्याच मोनाको क्लबला विकला, रक्कम बोनससकट चार कोटी युरोपर्यंत जाईल अशा बातम्या होत्या. पण तिकडे जाऊनही लगेच उजेड पाडला नाही हेही लिहा की. नीसविरुद्ध एकाच मॅचमध्ये दोन पेनल्टी घालवल्या, दोन्ही त्यांचा गोलकीपर बुल्काने अडवल्या आणि मोनाको ०-१ हरली. त्या सीझनला लीगमध्ये सातच गोल. म्हणजे ठेवला असता तर आपला स्ट्रायकर जेझुसच्या मागे बाकावरच बसला असता, त्यामुळे विकला ते बरोबरच.

जुना_गनर
विकल्याबद्दल माझी तक्रार नाहीच, शीर्षकातच लिहिलंय. पुढच्या सीझनला खांद्याचं ऑपरेशन झालं, त्यात कितीतरी महिने गेले, तरी परत उभा राहिला. अमेरिकेसाठी तर कॅनडाविरुद्ध नेशन्स लीगच्या फायनलमध्ये, म्हणजे दुसऱ्याच मॅचमध्ये, सहकारी रेनाच्या पासवर गोल. २०२४ च्या कोपा अमेरिकेत बोलिव्हियाला एक आणि पनामाविरुद्ध तर सहकारी वेआला रेड कार्ड मिळून टीम दहावर आलेली असताना चारच मिनिटांत गोल. ती मॅच अमेरिका १-२ हरली आणि शेवटी घरच्या मैदानावर ग्रुपमधूनच बाहेर पडली, पण या पोराने कुठे अंग चोरलं दाखवा.

मधली_फळी
पनामाचा गोल मीही बघितला, बॉक्सबाहेरून डाव्या पायाने मारलेला, पोस्टला लागून आत गेला. खेळात मनापासून उतरतो हे मान्य, नातं फक्त जन्मदाखल्याचं म्हणालो ते शब्द परत घेतो. पण ऑर्लँडोचं खटकलं ते खटकलंच दादा, ते नाही विसरणार.