उत्तर: वर्डच्या फाइलमध्ये व्हायरस कसा शिरतो?

'वर्डच्या फाइलमध्ये नुसता मजकूर असतो, त्यात व्हायरस कुठून येणार?' असं बरेचदा विचारलं जातं. मजकुरासोबत त्या फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅमही असू शकतो. जुन्या वर्डमध्ये व्हायरसवाला मॅक्रो फाइल उघडताच आपोआप चालायचा आणि 'नॉर्मल डॉट' या मूळ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या फाइलच्या साच्यात, जाऊन बसायचा. त्यानंतर त्या मशीनवर उघडलेली जवळपास प्रत्येक फाइल बाधित व्हायची.

१९९७ साली मी नाशिकला अशोक स्तंभाजवळ डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायचं, काम करायचो. एका ताईंचा द्राक्षशेतीवरचा प्रबंध टाइप होत होता. तीनदा प्रूफ तपासूनही शब्द जागा बदलायचे. 'छाटणी' भलत्याच ओळीत जायची. मध्येच काहीतरी अगम्य अक्षरं उमटायची. आम्ही बिचाऱ्या ऑपरेटरलाच बोलत होतो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी ती अगम्य अक्षरं निवडून फॉन्ट इंग्रजी केला, तर समोर 'वाझू'! १९९६चा वाझू व्हायरस हेच करायचा: शब्द इकडचे तिकडे हलवायचा आणि मध्येच स्वतःचं नाव घुसवायचा. आमच्या मराठी फॉन्टमुळे ते नाव ओळखूच येत नव्हतं.

फाइल उडाली तर निदान कळतं तरी. इथे मजकूर गुपचूप बिघडत जातो, आणि बॅकअपच्या फ्लॉपीतही तीच बिघडलेली प्रत असते. ताईंची अडीच प्रकरणं हस्तलिखितावरून पुन्हा टाइप करावी लागली.

२०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट मुळातच अडवतं. फाइल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट', म्हणजे मॅक्रो चालू करू का, असं विचारलं, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करा.