मदत हवी आहे: चोवीस लिव्हरची फ्रेम सुटी करून न्यावी की अख्खी उचलावी?

मंडळी, आम्ही नऊ जण सुट्टीच्या दिवशी एका छोट्या रेल्वे संग्रहालयाचं काम बघतो. आजवर देणगीत कंदील, घंटा, तिकिटांचं कपाट असल्या वस्तू यायच्या. दोघांनी धरल्या की काम झालं. या वेळी मात्र एका बंद सिग्नल केबिनमधली चोवीस लिव्हरची फ्रेम (सिग्नल आणि रूळ बदलायचे सांधे हलवणाऱ्या दांड्यांचा लोखंडी सांगाडा), आसासकट चाकांची एक जोडी आणि सिग्नलचा खांब मिळालाय. देणगीपत्रावर सह्या झाल्यात. केबिनची इमारत पाडणार आहेत, म्हणून हातात फक्त सहा आठवडे.

खांबाचं काही नाही, हात आणि दिवा सोडवला की तो लांब ट्रेलरवर जाईल. धास्ती आहे ती फ्रेमची.

फ्रेम वरच्या मजल्यावर आहे आणि तिची इंटरलॉकिंगची पेटी फळ्यांखाली. पेटीत खाचा पाडलेल्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून आडवे सरकणारे ठोकळे. सांधा बरोबर लागल्याशिवाय सिग्नल पडू द्यायचा नाही, म्हणजे गाडीला वाट मिळू द्यायची नाही, हे काम त्या ठोकळ्यांचं. जॉन सॅक्स्बी यांनी सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं. आमची फ्रेम त्याच विचाराची नातवंड म्हणायची. परवा मी सातवा लिव्हर ओढून पाहिला, तो हलेना. अकरावा ओढला आणि मग सातवा अलगद आला. खाली ठोकळा खाचेत बसल्याचा 'खट्' असा आवाज झाला. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता, तरी तो आपलं काम विसरला नव्हता. संग्रहालयात मुलांनी लिव्हर ओढल्यावर तो आवाज आला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे. नाहीतर आपण फक्त रंगवलेलं लोखंड मांडून ठेवू.

आमच्यात दोन मतं आहेत. एक, छप्पर तसंही जाणार, तर क्रेनने अख्खी फ्रेम वर काढावी. दुसरं, लिव्हर एकेक करून सोडवावेत. बिडाला घनमीटरमागे ७,२०० किलो आणि पोलादाला ७,८५० धरून मी टेपने मापं घेतली; वजन अडीच टनांच्या आसपास येतंय. ज्यांनी असं काम हाताने केलंय त्यांनी कृपया सांगावं: काय केलंत, आणि पुन्हा करायची वेळ आली तर काय टाळाल?

प्रतिसाद:
सुटी करा, पण पेटी फोडू नका. लिव्हर आणि त्यांचे पाय वेगळे काढा. पेटी मात्र पट्ट्या-ठोकळ्यांसकट एकाच तुकड्यात, खाली जाड फळी बांधून उतरवा. आधी सगळे लिव्हर मूळ जागी ढकला, चारी बाजूंनी फोटो काढा, कुठला लिव्हर कुणाला अडवतो त्याचा तक्ता बनवा. पत्र्याच्या पट्टीवर आकडा ठोकून तारेने बांधा. कागदी चिठ्ठ्या तेलात विरघळतात, आमचे तीन आठवडे त्यात गेले. बोल्टवर आठवडाभर आधीपासून तेल सोडत राहा. पहारीने उचकटू नका. बीड वाकत नाही, सरळ तडकतं. आणि जुना रंग घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

प्रतिसाद:
चाकांच्या जोडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वजन एक टनाच्या वरच धरा. नुसता १५० मिमी जाडीचा आसच मीटरला सुमारे १३९ किलो भरतो. साखळी आसाच्या टोकाच्या गुळगुळीत भागाला लागू देऊ नका, बेअरिंग तिथेच बसतं. तो भाग ग्रीस लावून गुंडाळा आणि कापडी पट्टे आतल्या बाजूने घाला. दोन पट्ट्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, १२० अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका. म्हणून पट्टे लांब घ्या. गाडीवर चारी बाजूंनी पाचरी ठोकल्याशिवाय क्रेनचा हुक सोडू नका. क्रेनवाल्याला हातवारे एकाच माणसाने करायचे, बाकी सगळे लांब.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पेटी एका तुकड्यात काढायची हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आज तक्ता करायला घेतला, नऊ लिव्हर झाले. एक शंका राहिली: पेटीचे पाय जमिनीच्या तुळईत गाडलेत. तुळई कापून पायांसकटच न्यावी का?