सुशी खाल्लीत का? बडोदेकरांचे अनुभव

वासणा-भायलीकडे नवी वस्ती झाली तशी तिकडची खाण्याची ठिकाणेही बदलली, आणि मागच्या महिन्यात दांडिया बाजारातून उठून आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथल्या एका जपानी उपाहारगृहात जाऊन बसल्या. सासूबाई शाकाहारी असल्याने त्यांच्यासाठी काकडीची कप्पा माकी (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भात आणि काकडी घालून केलेली गुंडाळी) आणि मिसो सूप मागवले. सूपमध्ये टोफूचे तुकडे आणि कांद्याची पात दिसत होती, मेन्यू कार्डावर हिरवा ठिपकाही होता. मात्र हे सूप ज्या ‘दाशी’त, म्हणजे उकळून काढलेल्या अर्कात, करतात ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाची असते, हे मला ठाऊक होते, म्हणून वेटरला विचारले. तो आत जाऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, “पावडरमध्ये मासा आहे.” सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, वाटी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली आणि “तू पी, फुकट जायला नको,” एवढेच म्हणाल्या. दाशी कोंबू या समुद्री वनस्पतीची आणि शिताके अळंब्यांचीही होते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी मागवण्याआधीच चौकशी करावी. आपले बरेवाईट अनुभवही सविस्तर लिहावेत.

मांजलपूरहून :
सगळे माशाबद्दल बोलतात, माझी तक्रार भाताची आहे. सुशीचा प्राण व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेल्या भातात असतो. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. हा भात कोमट असतानाच खायचा असतो, पण आम्हाला मिळालेला बहुधा फ्रीजमधून काढलेला होता, कारण शिते टणक झाली होती. गार भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, हे शिळ्या भाताला फोडणी देणाऱ्यांना सांगायला नको. फोडणीच्या भाताला ते चालते, सुशीला नाही. घरी करून पाहिले तेव्हा बासमतीची गुंडाळी सुरी लागताच सुटली, इंद्रायणीची मात्र नीट धरून राहिली.

कारेलीबागेतून :
सुशीसोबत मिळणारी हिरवी झणझणीत चटणी, म्हणजे वसाबी, चाखताच माझ्या वडिलांनी नाक चोळत विचारले, “यात मोहरी फेसून घातली आहे का?” आम्ही हसलो, पण त्यांचेच खरे निघाले. अस्सल वसाबी महाग आणि नाजूक असल्याने बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचे मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचे मिश्रण देतात. झणका जिभेवर न थांबता नाकात चढतो, तोही लोणच्याच्या फेसलेल्या मोहरीसारखाच.

गोत्रीहून :
नोकरीनिमित्त दोन वर्षे ओसाकात होतो. फिरत्या पट्ट्यावरून सुशी वाढण्याची पद्धत त्याच भागात 1958 साली शिराइशी योशिआकी यांनी सुरू केली. बियरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून त्यांना ती सुचली. इथे मला शेजवान चटणी आणि चीज घातलेला रोल वाढला गेला. वाईट नव्हता, पण त्याला सुशी म्हणायला माझी जीभ रेटेना. चॉपस्टिक जमत नसतील तर संकोच करू नये, निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, हाताने खाणे जपानातही रीतीला धरूनच आहे. फक्त ती उलटी करून माशाची बाजू सोया सॉसमध्ये टेकवावी. भात बुडवला की तो सॉस पितो आणि वाटीतच विस्कटतो.

अलकापुरीतून :
आम्ही मासे खाणारे, पण कच्चा मासा म्हटल्यावर माझाही हात अडखळला. मे महिन्यातल्या बडोद्यात सामन (सॅल्मन) मासा किती वाटा तुडवत आला असेल, असे मनात आले. त्यामुळे तो गोठवलेला आहे का, हे मी सरळ विचारले. अनेकांना “गोठवलेला” म्हणजे निकृष्ट वाटते, पण कच्च्या माशातले कृमी मरण्यासाठी तो उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवण्याची शिफारस आहे. घरच्या फ्रीजरवर त्यासाठी विसंबू नये, कारण तो तेवढा गार राहीलच असे नाही. आचाऱ्याने स्वतः बाहेर येऊन मासा कधी आला आणि कसा ठेवला ते सांगितले, तेव्हा मी दोन निगिरी मागवल्या. यजमानांनी मात्र शेवटपर्यंत तळलेल्या कोळंबीचा टेम्पुराच खाल्ला.