एच, हेच आणि 'अर्ब'

काल ऑफिसच्या कॉलवर आमचा केरळचा कलीग स्पेलिंग सांगताना H या अक्षराला सारखा 'हेच, हेच' करत होता, आम्ही दोनतीन जण म्यूट करून हसत होतो. मग डब्लिनचा क्लायंट स्वतःचा मेल आयडी सांगायला लागला आणि तोही 'हेच'च म्हणाला, सगळे गप्प. आता बरोबर काय, एच की हेच? आणि अमेरिकन लोक हर्बला 'अर्ब' म्हणतात तो निव्वळ आळस ना?

- आयर्लंडमधे हेच सर्रास चालतं, त्यात चूक काय. फक्त नॉर्दर्न आयर्लंडमधे जरा जपून, तिथे साधारणपणे कॅथलिक असेल तर हेच आणि प्रोटेस्टंट असेल तर एच, म्हणजे एका अक्षरावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ताडतात. आपल्याकडे आडनाव विचारतात ना, तसंच. बाकी डिक्शनऱ्या एचलाच मान देतात, पण इंग्लंडातल्या तरुण पोरांमधेही हेच वाढलंय.

- अर्बवाले आळशी नाहीत हो, उलट तेच जुनं धरून बसलेत! शब्द आला फ्रेंचमधून, त्यात ह नव्हताच, पुढे लॅटिन बघून स्पेलिंगला एच डकवला तरी बोलताना कोणी उच्चारत नव्हतं, आणि मग १९व्या शतकात ब्रिटिश लोक स्पेलिंग वाचून हर्ब म्हणायला लागले. 'हॉस्पिटल'मधला ह पण असाच मागून आलेला. अवर, ऑनेस्टसारखे थोडेच सुटले.

- आणि ह खाणं म्हटलं की सगळे लंडनच्या कॉकनी बोलीलाच धरतात, 'हाऊस'चं 'आऊस'. पण मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, सगळीकडच्या बोलीत हेच चालतं (हे 'हेच' आपलं मराठी बरं का). वर न्यूकॅसलला मात्र ह शाबूत, स्कॉटलंडलाही, तिथले जुने लोक तर 'व्हॉट'ला चक्क 'ह्वॉट' म्हणतात, फुंकर मारल्यासारखं. गंमत म्हणजे ह खाणाऱ्याला सारखं टोकलं की तो घाबरून नको तिथेही लावतो, एगचं 'हेग' करून टाकतो.

- मग आपण काय वेगळे? नाहीचं नाय, पाहिजेचं पायजे, आणि आमची आजी इथंला 'हितं' म्हणायची, म्हणजे खायचा तिथे खाल्ला आणि नसलेला लावला.

- आजीचं सोडा, पोर्तुगीजांकडून घेतलेले शब्द बघा की. हॉस्पिटलमधला ह ते स्वतःच उच्चारत नाहीत, म्हणून आपलं इस्पितळ. आणि त्यांच्या आफोन्सो या नावाला मुळात ह नाहीच, त्याचा आपण केला हापूस.