मदत हवी आहे: माऊचं पिशवी काढायचं ऑपरेशन शनिवारी, तयारी आणि नंतरची काळजी

ओट्यावरची_माऊ
देशी माऊ, ७ महिने, वजन २.६ किलो. नसबंदी शनिवारी सकाळी १०.३० ला. दवाखान्यातून "रात्रीपासून उपाशी ठेवा" एवढंच सांगितलंय. घरात तीन वर्षांचा बोका आहे, त्याची नसबंदी झालेली आहे.
१. पाणीसुद्धा बंद करायचं का?
२. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर घातली की ती उलटी चालत सुटते. त्याऐवजी कापडी अंगरखा चालेल का?
३. दुखायला लागलं तर घरात लहान मुलांचं पॅरासिटामॉल सिरप आहे, किती थेंब द्यायचे?
४. बोक्याला किती दिवस लांब ठेवायचं?

टाका_सुटला
तिसऱ्याचं उत्तर आधी. पॅरासिटामॉल अजिबात नाही, एक थेंबही नाही. माणसाचं यकृत ज्या वाटेने ते निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरांत जवळपास नसतेच. विषारी घटक साठतात, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचं उरत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिग्रॅची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची दुखण्यावरची औषधंही नकोत, आणि हे कुत्र्यांनाही लागू आहे.

दुखण्यासाठी डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम हे औषध देतील. बाटलीवरचा आकडा वाचा. मांजरांचं सिरप सहसा ०.५ मिग्रॅ/मिली असतं, कुत्र्यांचं १.५. म्हणजे शेजारच्या लॅब्राडॉरची उरलेली बाटली वापरली तर तेवढ्याच मिलीत तिप्पट औषध जातं. डोस मिलीच्या अंशात असतो, त्यामुळे चमचा नको, सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या. आणि पोटात काही गेल्यावरच द्या. माऊ खात-पीत नसेल तर औषध थांबवून आधी फोन करा.

आता उपास. भूल चढली की अन्ननलिकेची झडप सैल पडते आणि गिळण्याची क्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात. १०.३० ची वेळ असेल तर रात्री ११ ला जेवण द्या आणि भांडी उचला. संध्याकाळी सातपासून उपाशी ठेवायची गरज नाही. पाणी सकाळी ८ पर्यंत ठेवा, दवाखान्याने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. दूध पाण्यात मोजू नका, ते अन्नच. बोक्याची ताटलीही उचला, कचऱ्याचा डबा बंद करा, आणि पाली-झुरळांची शिकार होऊ नये म्हणून रात्री एका खोलीतच ठेवा. तरी काही खाल्लंच तर लपवू नका, तारीख पुढे गेली तर जाऊ दे. (चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, रक्तातली साखर उतरते.)

केशरी_बोका
कॉलरबद्दल. मांजराची जीभ म्हणजे पॉलिश पेपर. नुसतं चाटूनही कातडी लाल होते, आणि एक टाका सैल झाला की बाकीचे ती दातांनी ओढते. कॉलर नाकाच्या टोकापेक्षा २-३ सेंमी पुढे यायला हवी. आखूड असेल तर ती कमरेतून वाकून जखमेपर्यंत पोचतेच. गळ्याशी दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा. वाटीऐवजी पसरट ताटली द्या, म्हणजे कड आपटत नाही. आजपासूनच रोज अर्धा तास घाला, उलटं चालणं दोन दिवसांत कमी होतं.

अंगरखा चालतो, पण चीर पोटाच्या मध्यावर की कुशीला, ते आधी विचारा. कुशीला असेल तर छान बसतो. मध्यावर असेल तर मागची कड लघवीने ओली होते आणि तेच ओलं कापड टाक्यांवर राहतं. दोन शिवा, आलटून पालटून घाला.

ओट्यावरची_माऊ
धन्यवाद, सिरप कपाटात वर ठेवलं. घरी आणल्यावर पहिल्या रात्री नेमकं काय बघायचं?

टाका_सुटला
कान-पंजे गार लागतील. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला थेट नको. गुंगीत तिला सरकता येत नाही आणि भाजतं. पंखा मंद, अंथरूण जमिनीवर, पलंग आणि खिडकी बंद. केटामाइन (भुलीचं औषध) दिलं असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, मान डुलते, उगाच गुरगुरते. अंधुक उजेडात पडू द्या.

हिरड्या दर तासाला बघा. बोटाने दाबून सोडल्यावरचा पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या पांढऱ्याफट, पोट फुगतंय, माऊ मलूल होत चाललीय, असं दिसलं तर आतून रक्तस्राव समजा आणि रात्र असली तरी निघा. अंगाचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक.

नीट चालू लागली की नेहमीच्या पाव भागाएवढं जेवण. एखादी उलटी चालते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंडच लावलं नाही तर फोन करा. लघवी २४ तासांत व्हायला हवी, शी दोन-तीन दिवस नसली तरी घाबरू नका.

बोक्याला तिच्या अंगाचा दवाखान्याचा वास ओळखू येत नाही, फिस्कारतो. निदान एक दिवस वेगळी खोली, मग तिचं कापड त्याला हुंगायला द्या. दंगा मात्र टाके निघेपर्यंत नकोच.

केशरी_बोका
जखमेचा रोज एकाच उजेडात फोटो काढा. हळद, खोबरेल, डेटॉल काही लावू नका. डेटॉल तर चाटून पोटात गेलं की मांजराला विषच. चौथ्या-पाचव्या दिवशी टाक्यांखाली मऊ, न दुखणारी फुगी आली तर बहुतेक उड्या मारल्याने पाणी साचलंय, फोटो पाठवून विचारा. फुगी दाबल्यावर आत जात असेल तर आतला टाका सुटलाय, त्याच दिवशी दाखवा. वास, पू, कडा उघडणं, तेही त्याच दिवशी.

शी-शूच्या ट्रेमधली माती (लिटर) आठवडाभर बदला. तिचे बारीक दाणे चिरेत चिकटतात. त्याऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या.

गोचीड_निर्मूलन
कुत्रेवाल्यांसाठी: ऑपरेशनआधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून घ्या आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बघा. गोचीडतापात त्या उतरतात, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि टेबलावर रक्त थांबत नाही. कुत्री माजावर येऊन गेली असेल तर दोन-तीन महिने थांबतात. पण पिशवीत पू झाला असेल तर थांबायचं नाही.

माऊ शनिवारी माजावर असली, म्हणजे लोळणं, ओरडणं, शेपूट बाजूला, तर सकाळीच डॉक्टरांना सांगा. रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, काहीजण तारीख पुढे ढकलतात.

ओट्यावरची_माऊ
टाके कधी काढायचे?

टाका_सुटला
१० ते १४ दिवसांनी. आतून विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत, तरी दाखवून या. कॉलर त्यानंतरच काढा. अंघोळही त्यानंतरच.