कुस्तीसाठी एफ/२.८ च

७०-२०० मिलिमीटरची (लांबचं जवळ आणणारी) झूम लेन्स एफ/२.८ ची घ्यावी की एफ/४ ची, असा तुमचा प्रश्न आहे. एफचा आकडा लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त. एफ/४ ची घेऊन वाचलेल्या पैशात आणखी एक लेन्स येईल, हा तुम्हाला मिळालेला सल्ला निसर्गचित्रांसाठी ठीक आहे. पण तुम्हाला कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या आणि जोतिबाची यात्रा टिपायची आहे, म्हणून माझं मत वेगळं.

मोठ्या कुस्त्या लागेपर्यंत दिवेलागण होते. पैलवान डाव टाकतो तेव्हा शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेला की हातपाय पुसट येतात. एफ/४ ला २.८ च्या निम्माच उजेड मिळतो. म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या जागी ६४०० लागतो. स्टॅबिलायझेशन (कॅमेऱ्याची थरथर कमी करणारी सोय) तुमचा हात सावरतं, समोरचा पैलवान थांबवत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळजण इथंच फसतात.

जोतिबावर लेन्स गुलालापासून जपा. काही महागड्या लेन्सचं वेदर सीलिंग (धूळ-पाणी आत जाऊ न देणारी बंदिस्ती) पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, मॅन्युअल बघा. आणि डोंगरावर लेन्स अजिबात बदलू नका. एकच बॉडी असेल तर २४-७० (जवळचं, रुंद दृश्य टिपणारी झूम लेन्स) लावूनच वर जा.

वजनाचं म्हणाल, तर डीएसएलआर (आरशाच्या) कॅमेऱ्यांच्या ७०-२०० एफ/२.८ लेन्स दीड किलोच्या आसपास भरतात. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लागेल. आधी एका मैदानापुरती भाड्यानं घेऊन बघा.